सोसायटीच्या दप्तरातला कोळीवाडा

कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीचं दप्तर तपासायला जायचं तर पहाटे जावं, हे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी सांगितलं होतं. मी सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून नवा होतो. साडेदहाला कचेरी उघडते तेव्हा जायचं, अशी माझी समजूत. ते म्हणाले, साडेदहाला तुला किर्द दिसेल, पहाटे चारला सोसायटी दिसेल. मी गेलो. खाडीला भरती होती. धक्क्याला दोन बोटी लागलेल्या, बर्फ फोडायचं यंत्र सुरू, आणि त्याच्या तोंडाशी एक माणूस कानावर पेन्सिल लावून उभा. लादी आत गेली की तो हातातल्या वहीत एक उभी रेघ ओढायचा. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. बोटीचं नाव वर, रेघा खाली. त्या दिवशी दुपारी कचेरीत खतावणी उघडली, तर त्याच बोटीच्या खात्यावर तेवढ्याच लाद्या नावे पडलेल्या. पुढच्या सगळ्या नोकरीत हिशेब जुळल्याचं एवढं समाधान मला फार थोड्या ठिकाणी मिळालं.

हे पुस्तक त्या वहीबद्दल आहे. मुंबई उपनगरातल्या कोळी समाजाने स्वतःच्या भागभांडवलावर, स्वतःच्या माणसांतून निवडलेल्या समितीमार्फत चालवलेल्या सहकारी संस्था हा त्याचा विषय. अंधेरीच्या टोकाला वेसावा, खाडीपलीकडे मढ आणि भाटी, वर मालवणी, मनोरी, बोरिवलीच्या बाजूला गोराई. आणि पूर्वेला ठाणे खाडीच्या काठावर भांडुप-मुलुंडपर्यंतची लहान गावं. या पट्ट्यात शहराच्या आधीपासून राहणारा समाज आजही एकत्र बसून नफातोटा पत्रक वाचतो, ठराव मांडतो, विरोध करतो, मतदान करतो. मुंबईकराला कोळीवाडा गाण्यातून माहीत आहे, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीतून माहीत आहे, अलीकडे वेसाव्याच्या सी फूड फेस्टिव्हलमुळे तिथल्या चुलीही माहीत झाल्या आहेत. कोळीवाडा ही हिशेब ठेवणारी, कर्ज फेडणारी, सभेत भांडणारी संस्था आहे, ही ओळख मात्र मराठीत फारशी लिहिली गेलेली नाही. म्हणून प्रस्तावना लिहायला मी लगेच होकार दिला.

सोसायटीच्या आधी काय होतं, हे समजल्याशिवाय सोसायटी कळत नाही. कोळीवाड्याला जमात आहे. वेसाव्यात गल्ल्या आहेत: बाजार गल्ली, मांडवी गल्ली, डोंगरी गल्ली, बुधा गल्ली अशा. प्रत्येक गल्लीची माणसं, त्यांचे पुढारी, त्यांचा मान ठरलेला, आणि सगळ्यांची मिळून वेसावे कोळी जमात. लग्नातला खर्च, होळीचा मान, देवळाचा कारभार, भाऊबंदकीतली भांडणं हे सगळं तिथे मिटायचं. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट समुद्रातली होती. डोल जाळं एका जागी बांधावं लागतं. समुद्रात खुंट रोवायचे, भरती-ओहोटीच्या ओढीत जाळ्याचं तोंड उघडं राहील असं ते लावायचं, आणि बोंबील, जवळा, कोळंबी त्या ओढीबरोबर आत येईल याची वाट पाहायची. आता हे खुंट कोणी कुठे रोवायचे? सरकारी नकाशावर त्या जागांना क्रमांक नव्हते. घराण्यांनी आणि गावांनी त्या आपसात ठरवल्या होत्या, आणि कोणी दुसऱ्याच्या जागेत शिरलं तर पंच बसत. कागद नव्हता, तरी सीमा होती. पाण्यावर आखलेली सीमा पिढ्यान् पिढ्या पाळली जाते, तेव्हा तिच्यामागे किती पक्का कारभार असेल याचा विचार वाचकाने करावा.

या पायावर सहकार आला. भारतात पतपुरवठ्याच्या सहकारी संस्थांचा पहिला कायदा 1904 चा. 1912 च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही वाट मोकळी झाली, आणि पुढच्याच वर्षी, 1913 मध्ये, रत्नागिरीजवळच्या कर्ला गावात मच्छीमारांची सहकारी संस्था निघाली. देशातली ही पहिली मच्छीमार सोसायटी. साखर कारखान्यांचा सहकार प्रवरेला सुरू झाला हे महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्याच्या कितीतरी आधी कोकणातल्या दर्यावर्दींनी भाग गोळा करून संस्था काढली होती, हे सहकाराच्या आमच्या प्रशिक्षणातही मला कोणी सांगितलं नव्हतं. मला ते पुढे एका जुन्या अहवालात सापडलं.

सहकाराच्या पुढच्या काळातली आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. स्वातंत्र्याच्या वर्षी, बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान असताना, जंगल ठेकेदारांच्या हातून आदिवासींना सोडवण्यासाठी जंगल कामगारांच्या सहकारी संस्था सुरू झाल्या. कूप, म्हणजे तोडीसाठी ठरवलेला जंगलाचा तुकडा, तोडायचा ठेका ठेकेदाराला न देता वारली, ठाकूर, कातकरी मजुरांच्या सोसायटीला द्यायचा, ही कल्पना. त्यातल्या काही संस्था उत्तम चालल्या, काहींच्या दप्तरात सभासद आदिवासी राहिले आणि कारभार भलत्याच्या हातात गेला. मूळ रहिवाशांच्या नावाने संस्था काढणं आणि ती त्यांच्या हातात राहणं यांत किती अंतर असतं, याचा तो धडा आहे. जगात इतरत्रही हाच प्रश्न आला. ऑस्ट्रेलियाने तिथल्या मूळ रहिवाशांच्या मंडळांसाठी 1976 मध्ये स्वतंत्र कायदा केला, 2006 मध्ये तो बदलून नवा आणला, आणि अशा मंडळांचा वेगळा निबंधक नेमला. बहुसंख्य सभासद त्या समाजाचेच असले पाहिजेत, ही त्यातली अट. आपल्याकडे कोळीवाड्याच्या सोसायटीसाठी असा खास कायदा नाही. वेसाव्याची मच्छीमार संस्था आणि अंधेरीतली एखादी गृहनिर्माण संस्था दोन्ही 1960 च्या एकाच महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली येतात. समाजाची सीमा राखायची ती पोटनियमांनी आणि जमातीच्या धाकाने.

त्या अधिनियमातल्या एका कलमाने कोळीवाड्यात काय केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भाग कितीही घ्या, मत एक. कोळीवाड्यात नाखवा म्हणजे बोटीचा मालक, तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बाकीचे खलाशी. मासळीचा वाटा ठरलेला: डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा करून उरलेल्यातला काही भाग बोट आणि जाळ्याचा, बाकी माणसांचा. बोटीवर नाखव्याचा शब्द चालतो. पण सप्टेंबरच्या वार्षिक सभेत दोन बोटींचा नाखवा आणि लहान होडीवाला एकाच चटईवर बसतात, आणि हात वर केला की दोघांचाही एकच मोजला जातो. एका सभेत मी निरीक्षक म्हणून हजर होतो. वर्षभराचा ताळेबंद वाचून होत होता, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला आणि त्याने विचारलं, बर्फाच्या खात्यावर घट दाखवली आहे ती किती टक्के, आणि मागच्या वर्षी किती होती? सचिव गडबडला. सभा अर्धा तास त्या एका आकड्यावर अडली. लादी कारखान्यातून धक्क्यापर्यंत येईस्तोवर किती वितळते, हे त्या म्हाताऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मला वाटतं, खात्याने दिलेल्या अ, ब, क, ड वर्गापेक्षा त्या प्रश्नाने त्या संस्थेचं खरं लेखापरीक्षण केलं.

सोसायट्या वाढल्या त्या इंजिनामुळे. शिडाच्या होडीला वारा फुकट होता. होडीला यंत्र बसलं, मग ट्रॉलर आले, तसं डिझेल लागलं. लांब जाऊन चार-सहा दिवस राहायचं तर बर्फ लागला. आणि यंत्र, डिझेल, बर्फ तिन्हींनाही आगाऊ पैसा लागला. एकट्या नाखव्याला बँक दारात उभी करत नव्हती. म्हणून सोसायटीने पंप टाकला, बर्फाचा कारखाना किंवा गोदाम केलं, जाळ्याचं सूत आणि दोर एकत्र आणून सभासदाला उधारीवर दिलं. राष्ट्रीय सहकार विकास निगम 1963 मध्ये स्थापन झाला आणि पुढे मासेमारीच्या यांत्रिक बोटींसाठी त्याची कर्जं सरकारमार्फत सोसायटीकडे, सोसायटीकडून सभासदांच्या गटाकडे अशी येऊ लागली. कोळीवाड्यात पक्की घरं उभी राहिली, मुलं कॉलेजात गेली, त्यामागे या कर्जांचा मोठा वाटा आहे.

त्याच कर्जांनी सोसायट्यांचं कंबरडंही मोडलं. कर्ज संस्थेच्या नावावर, बोट गटाच्या हातात. मासळीचा हंगाम दोन वर्षं खराब गेला, एखादी बोट वादळात सापडली, की हप्ता थांबायचा. थकबाकी मात्र संस्थेच्या दप्तरात वाढत राहायची, व्याजावर व्याज चढायचं, आणि ज्याने एकही हप्ता चुकवला नाही त्या सभासदालाही नवं कर्ज मिळायचं नाही, कारण संस्था थकबाकीदार. 2009 च्या नोव्हेंबरात फयान आलं, 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं. वादळानंतर पंचनामा होतो, बोटीची भरपाई मिळते किंवा मिळत नाही; पण बुडालेल्या हंगामाचा हप्ता कोणत्याच पंचनाम्यात धरला जात नाही. खतावणीची ती पानं मी उलटली आहेत. एकाच आडनावाची तीन-तीन खाती, सगळी लाल शाईत.

डिझेलचं प्रकरण जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला ते कधी कळत नाही. मच्छीमाराला डिझेलवरच्या राज्याच्या विक्रीकराचा परतावा मिळतो. तो हिशेब सोसायटीमार्फत जातो. बोटीने किती डिझेल उचललं, किती फेऱ्या केल्या, परवाना चालू आहे का, हे सोसायटी प्रमाणित करते आणि परतावा यथावकाश येतो. कोळीवाड्याने या यथावकाशची फार मोठी किंमत मोजली आहे. मधल्या काळात सभासदाचे पैसे अडकतात आणि सोसायटीचं खेळतं भांडवल संपतं. त्यात 2013 च्या जानेवारीत केंद्राने घाऊक ग्राहकांना डिझेल बाजारभावाने द्यायचं ठरवलं. रेल्वे, एसटी, कारखाने यांच्या रांगेत मच्छीमार सोसायटीचा पंपही घाऊक ग्राहक म्हणून जाऊन बसला. गरीब सभासदांसाठी सोसायटीने स्वतःचा पंप टाकला, तोच पंप रस्त्यावरच्या पंपापेक्षा महाग ठरला. 2022 च्या मार्चमध्ये तर मुंबईत घाऊक डिझेल लिटरला 122 रुपयांवर गेलं आणि रस्त्यावर ते 94 रुपयांना मिळत होतं. एकेका फेरीला शेकडो लिटर डिझेल जाळणाऱ्या बोटीला हा फरक किती पडतो हे वाचकाने स्वतः गुणून पाहावं. सहकाराने माणसाला एकत्र आणायचं आणि एकत्र आल्याबद्दल त्याला जास्त दर लावायचा, हा अन्याय होता, आणि त्याला अन्याय हाच शब्द आहे.

कमाईची दुसरी बाजू वेसाव्यात धक्क्यावर उभं राहिलं तर दिसते. वेसावा आणि मढ यांच्यामध्ये खाडीचा चिंचोळा पट्टा. होडीने पाच मिनिटं लागत नाहीत. रस्त्याने मालाडला वळसा घालून जायचं तर वीस किलोमीटरहून जास्त. ही तर, म्हणजे फेरीबोट, चालवते वेसाव्याच्या मच्छीमारांची सहकारी संस्था. दुचाक्या, शाळेची मुलं, शूटिंगची माणसं, भाजीच्या पाट्या, सगळे त्या होडीत. पावसाळ्यात तर बंद होते आणि मढच्या माणसाचा दिवस दोन तासांनी लांबतो. मासेमारीवर संकट आलं तेव्हा या तरीच्या तिकिटाने संस्थेचा वर्षभराचा खर्च भागायला मदत केली. संस्था वाढते ती अशी: स्वतःला जे येतं, त्याच्या शेजारचं काम हाती घेऊन. होडी चालवता येते, पाणी कळतं, माणसं ओळखीची आहेत. एवढ्या भांडवलावर तर उभी राहिली. तिथे आता पूल होणार आहे. पूल झाल्यावर या उत्पन्नाचं काय, हा प्रश्न सभेत आजच मांडायला हवा.

आता माझं मुख्य म्हणणं. उपनगरातल्या सोसायट्यांनी खर्चाची बाजू हाती घेतली: डिझेल, बर्फ, सूत, कर्ज. उत्पन्नाची बाजू, म्हणजे मासळीची विक्री, बहुतेक ठिकाणी त्यांच्या हाताबाहेर राहिली. बोट धक्क्याला लागते तेव्हा मासळी आधीच कोणाची तरी झालेली असते, कारण हंगामाच्या सुरुवातीला जाळ्यासाठी, खलाशांच्या उचलीसाठी व्यापाऱ्याने आगाऊ रक्कम दिलेली असते. ससून डॉकला लिलाव होतो, भाव निघतो, पण ज्याची उचल घेतली त्याच्याकडेच माल जातो. संस्थेच्या दप्तरात त्या मासळीची नोंद डिझेलचा वापर म्हणून येते, मासळी म्हणून येत नाही. हे बदलता येतं, हे पालघर तालुक्यातल्या सातपाटीने दाखवलं. तिथल्या मच्छीमार सोसायट्या सभासदांचा पापलेट गोळा करतात, वजनाप्रमाणे प्रतवारी लावतात, एकत्र भाव ठरवतात आणि एकत्र विकतात. व्यापारी एकेका नाखव्याशी बोलत नाही, त्याला सोसायटीशी बोलावं लागतं. पापलेटची पिल्लं मारू नका हे सातपाटी वर्षानुवर्षं ओरडून सांगू शकली, कारण लहान पापलेटला किती कमी भाव येतो हे तिच्या वहीत लिहिलेलं होतं. 2023 मध्ये चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, त्यामागेही सातपाटीच्या सोसायटीची मागणी होती. पापलेट हा मोठ्या किमतीचा मासा, निर्यातीचा. बोंबलाचं गणित वेगळं, तो दुपारपर्यंत मऊ पडतो, हे मला मान्य आहे. तरी वाळवलेला बोंबील टिकतो. मढला, गोराईला ऊन चढायच्या आत बायका बोंबलांच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या करतात आणि बांबूंमध्ये ताणलेल्या दोरांवर झुलवत टाकतात. बघता बघता दोर भरून जातो. त्या दोरावरचा माल मरोळच्या सुक्या बाजारात जाईपर्यंत त्याची कुठल्याही संस्थेच्या दप्तरात नोंद होत नाही.

आणि तो माल विकतात बायका. कोळीवाड्यातला हा सर्वात ठळक व्यवहार आहे आणि सोसायटीच्या सभासद नोंदवहीत तो सर्वात पुसट आहे. बोट पुरुषाच्या नावावर, परवाना त्याच्या नावावर, म्हणून भागही त्याच्या नावावर. कायद्याने समितीत 2 जागा महिलांसाठी राखून ठेवल्या आहेत, त्या भरल्याही जातात. पण मी तपासलेल्या एका संस्थेत (तिचं नाव इथे देत नाही) इतिवृत्तावर महिला संचालकांच्या सह्या दर महिन्याला होत्या आणि पूर्ण वर्षात त्यांच्या नावावर एकही सूचना किंवा अनुमोदन नव्हतं. मी सचिवांना कारण विचारलं. उत्तर दाराबाहेर पाटी टेकवून बसलेल्या एका मावशींनी दिलं: "सायेब, बोट त्याची असंल, पन म्हावरा इकते कोन?" भाव त्यांना कळतो. कोणतं गिऱ्हाईक उधारी बुडवतं, कोणत्या दिवशी अंधेरी स्टेशनला मासळी उठत नाही, श्रावणात काय सुकवायचं, हे त्यांना कळतं. विक्री सोसायटीकडे आणायची असेल तर ती आणणारी माणसं गावात आधीपासून आहेत. त्यांना भाग द्यायचा आणि सभेत बोलायची संधी द्यायची, एवढंच बाकी आहे. या पुस्तकातलं महिलांवरचं प्रकरण मी सगळ्यात आधी वाचलं. वाचकानेही तिथूनच सुरुवात केली तर माझी हरकत नाही.

खलाशांबद्दलही एक शब्द लिहायला हवा. आज बोटींवर उत्तर प्रदेश, बिहार, नेपाळमधून आलेली मुलं मोठ्या संख्येने आहेत. कोळ्यांची मुलं कॉलेजात गेली, त्याचा आनंदच आहे. पण क्रियाशील मच्छीमार कोण, सभासद कोण, वाटा कोणाचा, हे प्रश्न आता जुन्या पोटनियमांत बसत नाहीत. संस्था मूळ समाजाच्या हातात राहावी आणि बोटीवर घाम गाळणाऱ्यावर अन्यायही होऊ नये, असा नियम लिहिणं कठीण आहे. तो सभासदांनीच लिहिला पाहिजे. वरून आला तर टिकणार नाही.

शेवटी समुद्र आणि किनारा. जपानने 1948 आणि 1949 मध्ये कायदे करून गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेलाच जवळच्या समुद्रात मासेमारीचा हक्क दिला. तिथली संस्था तो हक्क सभासदांत वाटते आणि त्याचे नियम ठरवते. न्यूझीलंडमध्ये 1992 च्या तडजोडीत माओरी समाजाला सीलॉर्ड या मोठ्या मासळी कंपनीची निम्मी मालकी मिळाली. आमच्या सोसायटीकडे समुद्रातला हक्क नाही. जमातीने पाळलेले डोल जाळ्याचे खुंट कोणत्याच नोंदवहीत चढले नाहीत. माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने 2016 च्या फेब्रुवारीत निर्बंध घातले, पण ते मोडणाऱ्याला अडवायचा अधिकार सोसायटीला नाही; तिने अर्ज करायचा. तरीही संस्था म्हणून उभं राहिलं की काय होऊ शकतं, ते वरळीने दाखवलं. सागरी किनारा रस्त्याच्या दोन खांबांमधून बोटी जायला 60 मीटर जागा ठेवली होती. वरळी कोळीवाड्याच्या नाखवा सोसायटीने आणि बाकीच्या मच्छीमारांनी काम अडवलं, कागद दाखवले, भरती-ओहोटीत बोट कशी वाहते ते समजावलं. आणि 2022 च्या डिसेंबरात ते अंतर 120 मीटर करायचं सरकारने मान्य केलं. मागणी त्याहून मोठी होती. पण एकट्या नाखव्याने अर्ज केला असता तर तो बाजूला ठेवला गेला असता, हे मी सरकारी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस म्हणून खात्रीने सांगतो.

किनाऱ्याचंही तसंच. किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) 2011 च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांचं सर्वेक्षण करून नकाशे करावेत असं म्हटलं होतं. जाळी वाळवायची, बोटी ओढून ठेवायची, मासळी सुकवायची जागा घरांइतकीच कोळीवाड्याची आहे. ती नकाशावर मोकळी दिसते म्हणून ती कोणाची नाही, असं समजायचं कारण नाही. मुलुंड-भांडुपच्या बाजूला ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये तो भाग रामसर स्थळही झाला. फ्लेमिंगो बघायला होड्या भरून माणसं येतात. त्या खाडीत पिढ्यान् पिढ्या जाळं टाकणाऱ्यांच्या लहान सोसायट्यांनी त्या होड्या का चालवू नयेत? वेसाव्याच्या तरीचा अनुभव समोर आहे.

या पुस्तकात कागद भरपूर आहेत: ताळेबंद, ठराव, पोटनियमांच्या दुरुस्त्या. ते कंटाळवाणे वाटतील म्हणून कोणी गाळू नयेत. ज्या समाजाबद्दल इतरांनीच लिहिलं, त्याने स्वतः स्वतःबद्दल काय नोंदवून ठेवलं ते या कागदांत आहे. नाखव्याच्या अंगठ्याच्या ठशापासून त्याच्या नातवाच्या इंग्रजी सहीपर्यंतचा प्रवास एका सभासद नोंदवहीच्या पानांवर दिसतो, आणि तो माझ्या मते उपनगराच्या इतिहासाचा अस्सल पुरावा आहे.

2025 हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष होतं, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. कर्ज, विमा, वीज यांचे नवे अर्ज येतील. ते सोसायटीच्याच टेबलावर भरले जातील. माझी कोळीवाड्यातल्या समित्यांना एक विनंती आहे. 1 जून ते 31 जुलै बोटी किनाऱ्यावर असतात, त्या दोन महिन्यांत सभासद नोंदवही काढा आणि बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव तिच्यात आहे का ते पाहा. नसेल तर भागाचा अर्ज तिच्या घरी नेऊन द्या. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते; त्याआधी हे काम पुरं होण्यासारखं आहे.